नव्या कंदीलपुष्पाच्या शोधाला निघण्यापूर्वी

वनखात्याची परवानगी मे महिन्यातच हातात हवी. सह्याद्रीतली कंदीलपुष्पं, म्हणजे खरपुडीचे वेल, पावसाळ्यात उगवतात, फुलतात आणि पाऊस सरला की कंदात परत जातात. कागद अडकला तर वर्ष गेलं. 2023 साली जाहीर झालेली नवी जात सेरोपेजिया शिवरायीना (सेरोपेजिया हे कंदीलपुष्पांचं शास्त्रीय नाव) विशाळगडावरची, म्हणजे इतके पायाखालचे गडही अजून पुरते पाहून झालेले नाहीत.

सॅकमध्ये जुनी वर्तमानपत्रं भरपूर घ्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. दाबायच्या फळ्या आणि पट्टे, जीपीएस, दहापट भिंग, मिलिमीटरची पट्टी, पेन्सिल (शाई पावसात पसरते) आणि सत्तर टक्के अल्कोहोलच्या लहान बाटल्या. दाबलेल्या नमुन्यांचे कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते.

खरी मेहनत फुलाची. दाबलं की कंदिलाचा आकार मोडतो आणि रंग जातो, म्हणून वेलापाशी बसूनच मापं घ्या: नळीची लांबी, बुडाचा फुगवटा, टोकाशी जुळलेल्या पाच पाकळ्या. एक फूल उभं चिरा. माशीला आत अडकवणारे केस कुठल्या दिशेला झुकलेत ते पाहा, आणि तळाच्या किरीटाचे, म्हणजे नळीच्या आत बुडाशी असलेल्या मुकुटासारख्या भागाचे, फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. जाती बहुतेक वेळा तिथेच वेगळ्या होतात. एका फुलावर भिस्त ठेवू नका, एकाच जातीत मापं बरीच बदलतात. पाच-सहा वेलांवरची फुलं मोजा. शेंगांच्या जोडीसाठी पुन्हा एक फेरी ठेवा.

कंद उपटू नका. हे मी कळकळीने सांगतोय. पाच-दहाच वेल दिसले तर फांदी आणि दोन-तीन फुलं पुरतात.

घरी आल्यावर घाई नको. सेरोपेजिया लॉई, मॅकॅनी, सह्याद्रिका या आधीच माहीत असलेल्या जातींचे जुने नमुने पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जाऊन स्वतः पाहा. वेगळेपणा तरीही टिकला तरच लिहायला बसा. 2012 पासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं, पण मूळ नमुना (ज्यावरून नवी जात ठरवली तो) कुठल्या वनस्पतिसंग्रहात ठेवला ते लिहावंच लागतं, आणि जैवविविधता कायद्याच्या कलम 39 नुसार तो नेमलेल्या संस्थेत जमाही करावा लागतो. लेखात तालुक्यापर्यंतच जागा सांगा. नेमका कातळ संग्रहाच्या नोंदीत राहू द्या.