सांडपाणी शुद्ध करणारा खडीचा वाफा कसा तयार करावा

कर्दळीने भरलेला वाफा पाहिला की वाटते, झाडे घाण शोषून घेत असतील. थोडी घेतातही. पण सफाईचे खरे काम खडीवर आणि मुळांवर राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचे असते. वाफा बांधताना हे सतत लक्षात ठेवा, कारण खोली किती, खडी कोणती, पाणी किती दिवस ठेवायचे, हे सगळे त्या जीवांना काय मानवते यावरूनच ठरते.

जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950 च्या दशकात पाणवनस्पतींनी सांडपाणी सुधारण्याचे प्रयोग सुरू केले, आणि आजच्या कृत्रिम पाणथळींची सुरुवात साधारण तिथून झाली. घरासाठी त्यातला सर्वात सोपा प्रकार म्हणजे खडीच्या आतून पाणी आडवे, संथ वाहू देणारा वाफा. पाणी उघड्यावर येतच नाही, म्हणून डास होत नाहीत आणि वासही फारसा येत नाही. इथे आपण फक्त न्हाणीघर, कपडे धुणे आणि स्वयंपाकघर यांच्या पाण्याचा विचार करू. शौचालयाच्या पाण्याला आधी सेप्टिक टाकी हवी आणि वाफाही बराच मोठा लागतो. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आधी मोजमाप

चार माणसे, प्रत्येकी 100 लिटर, म्हणजे रोज 400 लिटर पाणी धरू. ते वाफ्यात निदान चार दिवस राहायला हवे, म्हणजे एका वेळी 1600 लिटर मावले पाहिजे. पण खड्ड्यातली बरीच जागा खडीच व्यापते. किती, ते घरीच मोजा: दहा लिटरची बादली कोरड्या खडीने काठोकाठ भरा आणि पाणी खडीच्या वरच्या पातळीला येईपर्यंत मापाने ओता. चार लिटर मावले तर पोकळी 40 टक्के. मग 1600 लिटरसाठी 4 घनमीटर खडी पाण्याखाली हवी. पाण्याची खोली अर्धा मीटर ठेवली, तर 8 चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे 4 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद. थंड हवेत जीवाणू मंदावतात, तिथे जागा दुपटीने घ्या. जागेची काटकसर करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. लहान वाफा लवकर तुंबतो, आणि मग सगळी खडी उपसावी लागते.

खड्डा, अस्तर, खडी

पाणी वाफ्यात शिरण्याआधी एका छोट्या टाकीत थांबले पाहिजे. तिथे गाळ तळाशी बसतो, तेल वर तरंगते आणि मधले पाणी पुढे जाते. ही टाकी वगळू नका. तेलाने खडीतल्या फटी बुजल्या, तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

खड्डा 60 सेंटिमीटर खोल घ्या. तळाला बाहेर पडण्याच्या दिशेने मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या. आत जाड प्लॅस्टिकचे अस्तर घाला, नाहीतर न शुद्ध झालेले पाणी जमिनीत मुरेल. दोन्ही टोकांना मुठीएवढे दगड रचा, म्हणजे पाणी रुंदीभर सारखे पसरते. मधे 8 ते 16 मिलिमीटरची धुतलेली खडी भरा. माती किंवा बारीक कच मिसळू नका. बाहेरच्या पाइपला उभा, फिरवता येणारा एल्बो लावा; तो वर-खाली केला की वाफ्यातली पातळी बदलते. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली 5 ते 10 सेंटिमीटर राहिले पाहिजे.

लागवड आणि आतले काम

कर्दळ, पाणकणीस, नळगवत यांपैकी जे जवळपास सहज वाढते ते घ्या. चौरस मीटरला चार कोंब पुरतात. सुरुवातीला पातळी थोडी वर ठेवा, मुळे रुजली की खाली आणा.

काही आठवड्यांत खडीवर बुळबुळीत थर धरतो. जीवाणू विकत आणून टाकायची गरज नाही, ते सांडपाण्यातूनच येतात. या झाडांच्या देठांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. त्यांतून थोडा प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो. मुळांलगत प्राणवायूवर जगणारे जीवाणू साबण आणि अन्नाचे अंश खातात, काही अमोनियाचे नायट्रेट करतात. चार बोटे पलीकडे प्राणवायू नसतो. तिथले जीवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. एकाच वाफ्यात शेजारी-शेजारी चाललेली ही देवघेव मला आजही विलक्षण वाटते. फॉस्फरस मात्र मुख्यतः खडीला चिकटतो आणि खडीची ती ताकद हळूहळू संपते, म्हणून फॉस्फेट नसलेला साबण वापरा.

रोजचा वापर

ब्लीच, फिनेल, रंग, थिनर वाफ्यात जाऊ देऊ नका. ज्यांच्या भरवशावर हे सगळे चालते तेच मरतील. टाकीतला गाळ वेळोवेळी काढा. वाळलेली पाने-देठ कापून बाहेर टाका, खडीवर कुजू देऊ नका. कुजक्या अंड्याचा वास आला तर आत प्राणवायू कमी पडतो आहे: पाणी जास्त येते का, टाकी भरली का, ते पाहा. पाणी खडीवर साचू लागले तर प्रवेशाजवळची खडी काढून धुवा, बहुधा तीच तुंबलेली असते.

बाहेर येणारे पाणी नितळ दिसले तरी पिण्यासाठी नाही. त्यात रोगजंतू उरतात. ते झाडांच्या बुंध्याशी, जमिनीलगत सोडा. कच्च्या खायच्या पालेभाज्यांवर शिंपडू नका.