सपोर्टर्स ट्रस्ट: फुटबॉल क्लबच्या कारभारात पाठीराख्यांना हक्काची जागा कशी मिळवायची

२७ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमधल्या बरी गावच्या गिग लेन मैदानावर शेकडो माणसं झाडू, बादल्या आणि कचऱ्याच्या पिशव्या घेऊन जमली. शनिवारी सामना होईल या आशेवर त्यांनी खुर्च्या पुसल्या, पायऱ्या झाडल्या. त्याच रात्री १८८५ साली स्थापन झालेल्या बरी क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली. निष्ठेत कुणी कमी पडलं नव्हतं. क्लब बुडत असताना मालकाचा हात धरता येईल, एवढी ताकद मात्र पाठीराख्यांच्या हातात नव्हती.

ती ताकद घोषणांतून येत नाही. ती पोटनियमांतून, कंपनीच्या भागांतून (शेअर्समधून) आणि सही-शिक्क्याच्या करारांतून येते, आणि क्लब धडधाकट असतानाच मिळवून ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये त्यासाठी रुळलेला मार्ग म्हणजे सपोर्टर्स ट्रस्ट, पाठीराख्यांनीच काढलेली सभासदांची संस्था. पहिला ट्रस्ट १९९२ मध्ये नॉर्दॅम्प्टन टाउनच्या पाठीराख्यांनी काढला, क्लब कर्जात रुतलेला असताना. त्यांचे ब्रायन लोमॅक्स पुढे निवडून आलेले संचालक म्हणून क्लबच्या मंडळावर बसले. रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गावच्या क्लबाचा लळा लागला आहे, त्यांनाही ट्रस्टचं सभासद होता येतं, निवडणूक लढवता येते. नागरिकत्वाची अट नसते.

आधी कागद वाचा

क्लब म्हणजे बहुतेक वेळा एक मर्यादित कंपनी असते, आणि ब्रिटिश कंपन्यांची कागदपत्रं कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मागच्या ५ वर्षांचे हिशेब उतरवून घ्या. चार गोष्टी शोधा: पगाराचा खर्च उत्पन्नाच्या किती टक्के आहे, एका वर्षाच्या आत फेडायची देणी किती आहेत, मालकाने घातलेला पैसा भाग म्हणून घातला आहे की कर्ज म्हणून, आणि कंपनीच्या मालमत्तेवर कुणाचा बोजा नोंदवलेला आहे का. पगार उत्पन्नाच्या पुढे गेला असेल तर क्लब मालकाच्या खिशावर चालला आहे. तो खिसा आखडला की काय, हा पहिला प्रश्न. खासगी कंपनीला वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत हिशेब दाखल करावे लागतात. ते वारंवार उशिरा येऊ लागले तर घंटा वाजली समजा.

मैदान कुणाच्या नावावर आहे हे वेगळं तपासा. जमिनीच्या नोंदीचा उतारा लँड रजिस्ट्रीकडून काही पौंडांत मिळतो. हे काम बरेच जण टाळतात आणि नंतर पस्तावतात. डर्बी काउंटीचं प्राइड पार्क २०१८ मध्ये मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं. २०२१ मध्ये क्लब देणी फेडता न आल्याने प्रशासकाच्या ताब्यात गेला, लीगमधले १२ गुण कापले गेले. त्या वेळी क्लब वाचवायला पुढे येणाऱ्यापुढे दोन सौदे होते: एक क्लबचा, एक मैदानाचा.

संस्था काढताना

सपोर्टर्स ट्रस्टचं कायदेशीर रूप बहुधा ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’ असं असतं. महाराष्ट्रात हाउसिंग सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या सभेला बसलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल: एक सभासद, एक मत, कुणाचे भाग कितीही असोत. सहकाराची ही चाल जिथून जगभर गेली ते रॉचडेल बरीच्या शेजारचंच गाव. तिथल्या विणकर-कारागिरांनी १८४४ मध्ये आपलं दुकान काढलं होतं.

नोंदणीला किमान ३ सभासद लागतात. नोंदणी फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या वित्तीय नियामकाकडे होते. पोटनियम स्वतः लिहू नका. फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशनचे नमुना पोटनियम घ्या आणि त्यांत शक्य तितके कमी बदल करा, कारण प्रत्येक बदलासोबत तपासणीचा वेळ वाढतो. एक कलम मात्र आग्रहाने ठेवा: संस्थेची मालमत्ता सभासदांत वाटून घेता येणार नाही. हे नसलं तर पुढे कधी तरी कुणीतरी ट्रस्टचे भाग विकून पैसे वाटून घेण्याचा ठराव आणतोच.

वर्गणी वर्षाला १० पौंडांच्या आसपास ठेवा, मुलांना नाममात्र. जास्त पैसे देणाऱ्यांसाठी देणगीचा वेगळा रकाना ठेवा, मत एकच. सभासद संख्या हीच तुमची पत असते. मैदानात सरासरी ४,००० माणसं येत असतील आणि ट्रस्टचे सभासद १५० असतील, तर मालक तुम्हाला चहा पाजेल आणि विसरेल. हजाराच्या पुढे गेलात की तो तारीख देतो. सभासद नोंदवायची जागा म्हणजे सामन्याच्या दिवशी फिरत्या फाटकाबाहेरचं टेबल. सुरुवातीच्या दीड तास आधी मांडा. पावसात भिजणार नाहीत असे फॉर्म आणि कार्ड घेणारं यंत्र सोबत असू द्या. संकेतस्थळावर नोंदणी ठेवाच, पण डोळ्यांत बघून विचारलं की माणूस नाही म्हणत नाही.

मंडळ ९ ते १२ जणांचं पुरे. दरवर्षी एक तृतीयांश जागांची निवडणूक घ्या, म्हणजे जुनी माणसं एकदम जात नाहीत आणि नव्यांना दार उघडं राहतं. खजिनदार हिशेबाच्या क्षेत्रातलाच हवा. वर्ष संपल्यापासून ७ महिन्यांत वार्षिक विवरण दाखल करावं लागतं. ते चुकलं तर ज्या मालकाला तुम्ही उशिरा आलेल्या हिशेबांवरून धारेवर धरणार, तोच तुमचा कागद दाखवेल.

एका गावात दोन संस्था होऊ देऊ नका. बरीत हकालपट्टीनंतर एका गटाने नवा क्लब काढला, दुसऱ्याने जुनं मैदान सोडवलं. दोघांचाही हेतू चांगला होता. तरी एकत्र यायचा पहिला ठराव २०२२ मध्ये आवश्यक मतं न मिळाल्याने थोडक्यात पडला, आणि विलीनीकरण २०२३ मध्ये झालं. मतभेद असतील तर ते एकाच सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भांडा.

क्लबसोबतची बैठक

इंग्लिश फुटबॉल लीगच्या नियमांनी २०१६-१७ पासून क्लबांवर हंगामात किमान दोनदा पाठीराख्यांच्या प्रतिनिधींना भेटण्याचं बंधन आहे, आणि त्या भेटीला मालक, संचालक किंवा वरिष्ठ अधिकारी हजर हवा. प्रीमियर लीगच्या क्लबांना पाठीराख्यांचं सल्लागार मंडळ नेमावं लागतं. ही दारं उघडी आहेत, पण आत जाऊन काय करायचं यावर सगळं अवलंबून.

विषयपत्रिका १० दिवस आधी पाठवा. त्यात पैसा, मैदान आणि मालकी यांपैकी एक तरी विषय असलाच पाहिजे. नाहीतर अख्खी बैठक स्वच्छतागृहं आणि मैदानावर मिळणाऱ्या ‘पाय’ या खाऊच्या किमतीत संपते. ‘क्लबची आर्थिक स्थिती कशी आहे?’ असं विचारू नका. उत्तर ‘उत्तम’ असंच येणार. ‘मे अखेरपर्यंतच्या पगाराची तरतूद कुठून आहे? मालकाने ती लेखी दिली आहे का?’ असं विचारा. इतिवृत्त तुम्ही लिहा, क्लबकडून ७ दिवसांत दुरुस्त्या मागवा आणि मग सभासदांसाठी प्रसिद्ध करा. ‘बघतो’ असं उत्तर आलं तर त्याच ओळीत नाव आणि तारीख घाला, आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच ठेवा.

मालक दूर असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सची मालकी नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाकडे, म्हणजे आपल्या ओळखीच्या व्हेंकीजकडे आहे. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, तेव्हाचा तिथल्या पाठीराख्यांचा संताप जगाने पाहिला. अशा ठिकाणी समोर बसलेल्या अधिकाऱ्याला पहिल्याच बैठकीत विचारा: किती रकमेपर्यंतचे निर्णय तुम्ही स्वतः घेऊ शकता? त्यापुढचे प्रश्न मालकाच्या नावाने लेखी द्या आणि उत्तर लेखीच मागा.

भाग, नकाराधिकार आणि टक्केवारी

इथे सर्वांत जास्त चुका होतात. ‘आमचे क्लबमध्ये भाग आहेत’ यात समाधान मानू नका. किती टक्के आणि कोणत्या हक्कांसह, ते पाहा. ब्रिटिश कंपनी कायद्यात मतदानाचा हक्क असलेले ५ टक्के भाग असतील तर सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी करता येते. पोटनियम बदलणाऱ्या विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात, म्हणजे तुमच्याकडे २५ टक्क्यांहून थोडे जरी जास्त असले तरी तो अडवता येतो. स्वॉन्झी सिटीच्या ट्रस्टकडे सुमारे २१ टक्के भाग होते, मंडळावर प्रतिनिधी होता, देशभर त्यांचं कौतुक होत होतं. २०१६ मध्ये बाकीच्या भागधारकांनी बहुसंख्य भाग अमेरिकी खरेदीदारांना विकले आणि त्या वाटाघाटींत ट्रस्टला घेतलंच नाही. वाद वर्षानुवर्षं चालून २०२२ मध्ये तडजोडीने मिटला.

म्हणून भागधारकांच्या करारात तीन कलमं मिळवा. नवे भाग काढताना तुमच्या प्रमाणात ते आधी तुम्हाला देऊ करावेत, नाहीतर २० टक्क्यांचे ४ टक्के कधी झाले ते कळणारही नाही. बहुसंख्य भाग विकले जाताना त्याच भावाने तुमचेही विकण्याची मुभा असावी. आणि बहुसंख्यांनी विकले म्हणून तुम्हालाही विकायला लावणारं कलम तुमच्या भागांना लागू नसावं. फुटबॉल समजणाऱ्या नव्हे, कंपनी कायदा समजणाऱ्या वकिलाकडून हे तपासून घ्या. इथला खर्च वाचवू नका.

टक्केवारीपेक्षाही भक्कम उपाय म्हणजे एकच विशेष भाग, ज्याला तिकडे ‘गोल्डन शेअर’ म्हणतात. ब्रेंटफर्डचा ट्रस्ट, बीज युनायटेड, याने २०१२ मध्ये बहुसंख्य भाग मॅथ्यू बेनम यांना दिले. मैदानाच्या विक्रीवर नकाराधिकार देणारा विशेष भाग मात्र हातचा सोडला नाही. क्लब पुढे प्रीमियर लीगमध्ये गेला. मालकाच्या पैशाला अडथळा न करता घर शाबूत ठेवण्याची इतकी सुटसुटीत व्यवस्था दुसरी नाही. तो भाग कंपनीच्या पोटनियमांत स्वतंत्र वर्ग म्हणून लिहून घ्या, म्हणजे ट्रस्टच्या संमतीशिवाय त्याचे हक्क बदलता येत नाहीत. मालकाच्या पत्रातल्या आश्वासनाची किंमत तो मालक असेपर्यंतच.

जमीनच आपल्या हाती ठेवण्याचं उदाहरण चेल्सीचं. स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन चेल्सी पिच ओनर्स या पाठीराख्यांच्या कंपनीकडे आहे. २०११ मध्ये क्लबने ती परत मागितली, तेव्हा बाजूने ६१.६ टक्के मतं पडली. लागत होती ७५. अब्जाधीश मालकाला थांबावं लागलं.

हे सगळं मागण्याची वेळ कोणती? मालक क्लब विकायला काढतो तेव्हा, किंवा मैदानासाठी नगरपालिकेची परवानगी हवी असते तेव्हा. एरवी तुमच्या सहीची कुणाला गरज नसते.

मैदानाची नोंद

इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम कायद्याखाली स्थानिक कौन्सिलकडे मैदानाची ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंद करता येते. अर्जात जागेचा नकाशा, मालकाचं नाव आणि मैदान गावाच्या कोणत्या उपयोगाचं आहे याचे दाखले द्या: शाळांचे सामने, मुलींचे संघ, दिवंगतांच्या अस्थी जिथे विसर्जित केल्या ती गोलमागची जागा. कौन्सिलला ८ आठवड्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नोंद ५ वर्षं टिकते. मालकाने विक्री काढली की तुम्हाला ६ आठवड्यांत इच्छा कळवावी लागते, मग एकूण ६ महिने विक्री थांबते. मालकाने तुम्हालाच विकावं असं बंधन नाही. तुम्हाला मिळतो तो पैसे उभे करायला वेळ. नोंदीची मुदत संपायची तारीख दिनदर्शिकेत लाल शाईने लिहा. पाचव्या वर्षी ती हमखास विसरली जाते.

क्लबच हाती आला तर

एक्सेटर सिटी २००३ पासून ट्रस्टच्या मालकीचा आहे. २००५ च्या जानेवारीत एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडशी ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० बरोबरी झाली, त्या सामन्याच्या आणि फेरसामन्याच्या पैशातून जुनी देणी फिटायला मोठी मदत झाली. ते भाग्य होतं. भाग्याच्या भरवशावर अंदाजपत्रक करता येत नाही. पोर्ट्समथच्या पाठीराख्यांनी २०१३ मध्ये १,००० पौंडांचा एक असे भाग घेऊन क्लब सोडवला, आणि २०१७ मध्ये मतदानाने तो विकला. रेक्सहॅमचंही तसंच: २०११ मध्ये घेतला, २०२१ मध्ये दिला. विकणं म्हणजे हरणं नव्हे, निर्णय सभासदांनी घेतला असेल तर.

पैसा गोळा करताना तोंडी शब्द आणि प्रत्यक्ष रक्कम यांत मोठी तूट पडते असं धरूनच चाला. वचनपत्रांवर क्लब विकत घ्यायला जाऊ नका. आलेली रक्कम वकिलाच्या विश्वस्त खात्यात ठेवा आणि सौदा फिसकटला तर ती कशी परत मिळेल ते आधीच छापा.

क्लबच्या मंडळावर ट्रस्टचा माणूस बसला की त्याचं कायदेशीर कर्तव्य कंपनीशी असतं. ट्रस्टचा अध्यक्ष आणि हा संचालक एकच माणूस नको. काय सांगता येईल, काय गोपनीय राहील, हे एका पानावर लिहून दोन्ही मंडळांकडून मंजूर करून घ्या. नाहीतर सहा महिन्यांत सभासद म्हणतात, ‘तो त्यांच्यातला झाला.’

जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने वरच्या पाच पातळ्यांवरच्या क्लबांसाठी स्वतंत्र नियामक आणला. बोधचिन्ह आणि घरच्या शर्टाचे मुख्य रंग बदलायला इंग्लंड-वेल्समधल्या बहुसंख्य पाठीराख्यांचा पाठिंबा लागेल. नावासाठी एफएची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची मान्यता. तिकिटांचे दर, क्लबची दिशा यांबाबत मात्र क्लबने फक्त विचारायचं आहे. विचारणं आणि मान्यता घेणं यांतलं अंतर भरून काढायचं काम अजूनही ट्रस्टचंच आहे, त्यामुळे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला: तिकिटांचे दर ठरण्याच्या किती आठवडे आधी क्लब आकडे दाखवणार?