४०९६ बिटांची चावी आणि उघडा ड्राफ्ट

जीपीजी, म्हणजे मेल आणि फाइली एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारा प्रोग्राम, पहिल्यांदा बसवलं तेव्हा माझा सगळा जीव एका आकड्यात अडकला होता: आरएसए ४०९६, म्हणजे आरएसए प्रकारच्या चावीची लांबी. शिवाय कुठून तरी उचललेल्या तीस-चाळीस ओळी कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवल्या. त्यातल्या निम्म्यांचा अर्थ मला आजही सांगता येणार नाही. आणि इकडे माझा मेल प्रोग्राम प्रत्येक अर्धवट मेल एन्क्रिप्ट न करताच सर्व्हरवरच्या ड्राफ्ट्समध्ये ठेवत होता! नव्याने शिकणाऱ्याने सेटिंग्जमध्ये आधी तेवढं तपासावं. एचटीएमएल मेल आणि बाहेरून येणारी चित्रंही बंद करा. २०१८च्या ईफेल नावाच्या हल्ल्यात एन्क्रिप्टेड मेलचा उलगडलेला मजकूर त्याच वाटेने बाहेर नेता येत होता.

चावीच्या प्रकारावर डोकं झिजवू नका. जीपीजी २.३ पासून मूळ सेटिंगच ईडी२५५१९ या नव्या प्रकारच्या चावीचं आहे, ते राहू द्या. मुदत मात्र घाला, वर्ष-दोन वर्षांची. चावी हाताशी असेल तर मुदत कधीही वाढवता येते. मी घातली नव्हती. हार्ड डिस्क गेली, बॅकअप नाही, आणि लोक महिनोन्‌महिने त्याच मेलेल्या चावीने एन्क्रिप्ट केलेले मेल पाठवत राहिले, जे मला उघडताच येईनात. प्रत्येकाला 'परत पाठवा, साधाच पाठवा' असं कळवताना जी लाज वाटली!

चावी रद्द करायचं प्रमाणपत्र, म्हणजे 'ही चावी आता वापरू नका' असं सांगणारी फाइल, जीपीजी आपणहून बनवून ठेवतं, 'ओपनपीजीपी-रेव्हॉक्स.डी' (openpgp-revocs.d) या फोल्डरात. चुकून इम्पोर्ट होऊ नये म्हणून त्यातल्या पाच डॅशच्या आधी मुद्दाम एक कोलन टाकलेला असतो. वेळ आलीच तर तो पुसायचा. ही फाइल पेनड्राइव्हवर घ्या, कारण डिस्कबरोबर तीही जाते. माझी तशीच गेली.

समोरच्याची चावी आली की तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे चावीची ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची ओळ, फोनवर वाचून घ्या. चाळीस अक्षरं, चार-चारचे दहा गट. पहिले दोन गट जुळले की 'बरोबर आहे रे' म्हणून फोन ठेवायचा मोह होतो, ठेवू नका.

फाइलींचं म्हणाल तर 'जीपीजी -सी' (gpg -c, पासवर्ड घालून फाइल एन्क्रिप्ट करायची आज्ञा) पुरतं, पण मूळ फाइल त्याच फोल्डरात उघडी राहते. एसएसडीवर ती डिलीट केली तरी पुसली जाईलच असं नाही. म्हणून मी आधी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायला सांगतो.

चावीचा बॅकअप घेतलाय? मग कॉम्प्युटरवर नवं युजर खातं उघडा, त्यात चावी इम्पोर्ट करा आणि एक जुना एन्क्रिप्टेड मेल उघडून बघा. मी हे दर सहा महिन्यांनी करतो. मागच्या खेपेला पासफ्रेज (चावीचा पासवर्ड) तिसऱ्या प्रयत्नात आठवला.