महागडा फोन घेताना आणि तो बिघडल्यावर: काय करावं, काय टाळावं

लाखभर रुपये मोजले की फोन आपोआप टिकाऊ होतो, हा समज आधी मनातून काढून टाका. जास्तीच्या पैशात कॅमेरा, पडदा आणि वेग चांगला मिळतो. काच मात्र काचच राहते आणि बॅटरी झिजतेच. पण म्हणून "इलेक्ट्रॉनिक वस्तूंची काय गॅरंटी" असं म्हणून गप्प बसायचंही कारण नाही. काळजी आपण घ्यायची आणि तरीही वस्तू बिघडली तर जबाब कंपनीने द्यायचा, हा सरळ हिशेब आहे. शेजारपाजारच्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांबरोबर सर्व्हिस सेंटरला जाऊन आल्यावर जे हाती लागलं, ते इथे क्रमाने सांगते.

घेण्याआधी. मेगापिक्सेल नंतर पाहा, आधी सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार ते पाहा. सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून आणि गूगलने पिक्सेल ८ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे, त्यामुळे महागड्या फोनकडून निदान पाच वर्षांची अपेक्षा ठेवणं मुळीच अवाजवी नाही. पडदा आणि बॅटरी बदलायला किती खर्च येतो, तेही याच वेळी विचारून घ्या.

घेताना. बिल पक्कं घ्या, आणि त्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, डबीवरच्या आणि *#०६# लावून दिसणाऱ्या क्रमांकाशी जुळवा. फोन स्वतःसाठी असेल तर जीएसटीची वजावट मिळेल म्हणून बिल फर्मच्या नावावर करू नका. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू असेल तर ग्राहक म्हणून दाद मागणं अवघड होतं. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉटही ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या दोषाच्या व्याख्येत विक्रेत्याने केलेल्या दाव्याइतका दर्जा नसणं हेही येतं.

वापरताना. कव्हर लावा आणि उन्हात तापलेल्या गाडीत फोन ठेवू नका. आयपी६८ (धूळ आणि पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून तो समुद्रात नेऊ नका. ती चाचणी प्रयोगशाळेत, साध्या पाण्यात होते, आणि बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान बसतच नाही. फोन भिजलाच तर तांदळाच्या डब्यात खुपसू नका, पीठ आणि कण आत जातात.

सर्व्हिस सेंटरचा काउंटर. खरी कसोटी इथे लागते. मलाही पूर्वी हीच पायरी सर्वांत अवघड जायची. कायदा, हेल्पलाइन, आयोग हे सगळं नंतर येतं. त्या काउंटरवर जॉब शीटमध्ये, म्हणजे फोन जमा करतानाच्या नोंदीच्या कागदात, जे लिहिलं जातं, त्यावरच पुढचं सगळं ठरतं. आणि आपण तो कागद न वाचता सही करतो.

निघण्यापूर्वी घरीच उजेडात फोनच्या चारही कडांचे, पुढचे आणि मागचे फोटो काढा. सिम ट्रे बाहेर काढून आतही टॉर्च मारून पाहा. बऱ्याच फोनमध्ये तिथे एक बारीक पांढरी पट्टी असते, जी पाणी लागलं की लाल-गुलाबी होते. ती पांढरी असेल तर तिचा फोटो घ्याच. काउंटरवर फोन आत जाण्याआधी ती पट्टी तिथल्या माणसालाही दाखवा. फोन एकदा आत गेला आणि तासाभराने "लिक्विड डॅमेज आहे" असं उत्तर आलं, की आपल्या हातात काही उरत नाही.

जॉब शीटवर तक्रारीच्या रकान्यात निदान नव्हे, लक्षण लिहून घ्या. "डिस्प्ले गेला" असं नको. "फोन पडलेला नाही, अपडेटनंतर पडद्यावर उभी हिरवी रेघ आली" असं हवं. फोनच्या अवस्थेच्या रकान्यात सवयीने "स्क्रॅचेस, डेंट" असं लिहिलं जातं. ते खपवून घेऊ नका. "खालच्या डाव्या कोपऱ्यावर बारीक चरा, बाकी काच आणि फ्रेम अखंड" इतकं नेमकं लिहायला लावा, आणि मगच सही करा. मागे रांग खोळंबली तरी चालेल.

कोपऱ्यावर पोचा आहे म्हणून मदरबोर्डची वॉरंटी नाकारली, तर त्या पोच्याचा आणि बिघाडाचा संबंध काय, ते लेखी मागा. "वॉरंटीत बसत नाही" हे कारण नव्हे. कोणता भाग, त्यात काय आढळलं, त्याचा फोटो कुठे आहे, हे विचारा. लेखी द्यायला नकार दिला तर तिथूनच कंपनीला ईमेल करा आणि जॉब शीटचा क्रमांक, वेळ आणि नकाराचे शब्द जसेच्या तसे लिहा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. फोन पडला असेल तर पडला म्हणा. खोटं सांगून वॉरंटी मागणाऱ्यांमुळेच प्रामाणिक ग्राहकाकडे संशयाने पाहिलं जातं. अशा फोनसाठी मी कुणाच्या बाजूने भांडत नाही.

पासवर्ड देऊ नका. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, त्याने आपली खासगी माहिती झाकली जाते, तो लावून द्या. मदरबोर्ड बदलला तर आयएमईआय बदलू शकतो, तसं झालं तर नव्या क्रमांकाचं पत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. नाहीतर पुढच्या वेळी तुमचं बिल आणि तुमचा फोन जुळणारच नाही.

तरीही दाद लागली नाही तर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्यातूनही काही झालं नाही तर सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार नोंदवा. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची आहे. सोशल मीडियावर संताप व्यक्त करून पुरावा तयार होत नाही, त्यामुळे तो वेळ कागद लावण्यात घालवा.

तक्रार चालू असताना फोन गल्लीतल्या दुकानात उघडू देऊ नका, अगदी ओळखीचा माणूस असला तरी. दोष नुसता पाहून ठरत नसेल तर आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि बाहेर उघडलेल्या फोनच्या दोषाबद्दल मग कुणीच ठाम सांगू शकत नाही. तोवर एखादा साधा फोन वापरा आणि बिघडलेला फोन डबी, बिल, जॉब शीट यांच्यासह एका पिशवीत बंद करून ठेवा.