पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचा

माझे वडील नाशिकच्या गांधीनगरमधल्या सरकारी छापखान्यात बांधणी खात्यात होते. घरात नवं पुस्तक आलं की अण्णा नाव, लेखक काही बघायचे नाहीत. पुस्तक मिटलेलंच डोळ्यांसमोर धरून कण्याच्या वरच्या टोकाशी डोकावायचे. मग मधलं एक पान अंगठा आणि तर्जनीत धरून कानाशी हलवायचे. "वाजतोय," म्हणाले की पुस्तक पास. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद खरोखरच कडक वाजतो, आणि स्वस्त कागद ओल्या फडक्यासारखा गप्प राहतो. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

पुढे मी बँकेत लागले, निवृत्तही झाले, पण तो कान राहिला. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या देखण्या, मर्यादित आवृत्त्या मी चोवीस वर्षं जमवते आहे. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये दोन कपाटं, त्रेसष्ट पुस्तकं. ओळखीतली मुलं विचारतात, "मावशी, सुरुवात कुठून करू?" त्यांना तुकड्यातुकड्यानं सांगते ते आज सलग लिहिते.

सुरुवात शेवटच्या पानापासून करा.

आपल्याकडे मुद्रक, प्रकाशक, आवृत्ती ही माहिती नावाच्या पानामागे असते. जीव ओतून केलेल्या मर्यादित आवृत्तीत मात्र ती बहुधा अगदी शेवटी, स्वतंत्र पानावर असते. त्याला कोलोफन म्हणतात. एकूण किती प्रती छापल्या, त्यातली ही कितवी, छपाई कुठे झाली, टाइप कोणता, कागद कुठल्या गिरणीचा, बांधणी कोणी केली, चित्रं कोणाची, हे सगळं त्यावर सापडतं. खाली चित्रकाराची सही, आणि प्रतीचा क्रमांक शाईनं हातानं घातलेला. ज्या पुस्तकात यातलं काहीच नाही आणि वेष्टनावर मात्र 'लिमिटेड' असं ठसठशीत छापलंय, ते हातातून खाली ठेवा.

या प्रकारच्या पुस्तकांत सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते लिमिटेड एडिशन्स क्लबच्या पुस्तकांतून. जॉर्ज मेसी यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कला हा क्लब काढला. वर्गणीदारांना महिन्याला एक पुस्तक, प्रत्येकाच्या १५०० प्रती, आणि सोबत त्या पुस्तकाच्या घडणीची हकिकत सांगणारं मासिक पत्र. छपाई खिळ्यांची, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून केलेली, मुद्रक आणि चित्रकार जगभरातले. पंधराशे हा आकडा मला फार आवडतो. प्रत सापडणं अशक्य व्हावं इतका तो लहान नाही आणि निष्काळजीपणा खपावा इतका मोठाही नाही. म्हणून शंभर वर्षं होत आली तरी यातली कितीतरी पुस्तकं नोकरदार माणसाला पैसे साठवून घेता येतात.

माझी पहिली प्रत याच क्लबची. टॉलस्टॉयच्या एका कादंबरीचं इंग्रजी भाषांतर, चित्रं फ्रिट्झ आयखेनबर्ग यांची. पार्सल आलं तेव्हा अण्णा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी खोक्यातून पुस्तक काढलं, कण्यात डोकावले, पान वाजवलं, आणि मग माझ्या मुलाला टॉर्च आणायला सांगितली. टॉर्च पानाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. त्या तिरप्या उजेडात प्रत्येक अक्षराला बारीकशी कड दिसायला लागली, नांगरलेल्या शेतावर सकाळचं ऊन पडावं तशी. खिळा कागदात किंचित रुतलेला असतो, त्याची ती कड. ऑफसेटच्या, म्हणजे आजच्या नेहमीच्या छपाईच्या, पानाला अशी टॉर्च लावा, ते सपाट दिसतं. चित्रांवर मात्र ते बराच वेळ थांबले. आयखेनबर्ग लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे झाडाच्या वलयांच्या बाजूवर कोरायचे. ती बाजू इतकी घट्ट असते की केसाएवढी रेघ टिकते. काळ्यातून पांढरा उजेड कोरून काढल्यासारखी ती चित्रं आहेत.

या आनंदात दुसऱ्या खरेदीला मी फसले. त्याच क्लबचं म्हणून एका परदेशी विक्रेत्याकडून पुस्तक मागवलं, पैसेही मर्यादित आवृत्तीचेच मोजले. आलं ते हेरिटेज प्रेसचं. हा मेसी यांचाच दुसरा उद्योग. बऱ्याचदा तीच चित्रं, तशीच मांडणी, पण प्रतींना मर्यादा नाही, क्रमांक नाही, सही नाही. आत 'सँडग्लास' नावाची चार पानी माहितीपत्रिका असते, तीच ओळखीची खूण. मी शेवटच्या पानाचा फोटो मागितला नव्हता, एवढीच चूक. पण म्हणून हेरिटेजला नाक मुरडू नका. उलट नव्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पुस्तक सरकवून ठेवायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यासकट चांगली प्रत खूपच कमी पैशांत मिळते, आणि चांगली मांडणी म्हणजे काय हे डोळ्यांना कळायला लागतं. फक्त हेरिटेजचे पैसे हेरिटेजएवढेच द्या.

चामड्याची बांधणी, कडांना सोनेरी मुलामा, रेशमी अस्तर आणि रिबिनीची खूण असलेली ईस्टन प्रेसची पुस्तकं कपाटात फार शोभतात. ती सरसकट मर्यादित नसतात. काही असतात, काही नाही. शेवटचं पान बघा. लंडनची फोलिओ सोसायटी १९४७ पासून चालू आहे. तिची नेहमीची पुस्तकं वेगळी आणि क्रमांक घातलेल्या मर्यादित आवृत्त्या वेगळ्या. नेहमीच्या पुस्तकांची छपाई-बांधणीही इतकी नेटकी की भेट द्यायला मी तीच घेते.

सहीचं महत्त्व किती मानायचं? 'युलिसिस'ची क्लबची १९३५ ची आवृत्ती घ्या. १५०० प्रतींवर चित्रकार मातीस यांची सही आहे, त्यातल्या अडीचशेच्या आसपास प्रतींवर लेखक जेम्स जॉइस यांचीही. दोन सह्यांची प्रत संग्राहकांना स्वप्नवत वाटते. पण मातीस यांनी कादंबरी न वाचता होमरच्या 'ओडिसी'वरून चित्रं काढली. मला पैसे असते तरी ती घेतली नसती. चित्रकारानं कादंबरी वाचून रात्री जागवल्यात हे ज्या पानांवर दिसतं, त्यांच्यासाठी मी पैसे साठवते.

आता मागवायचं कसं ते. जुन्या पुस्तकांच्या धंद्यातले शब्द आधी समजून घ्या, कारण ते बोलीतल्या अर्थाचे नाहीत. 'फाइन' म्हणजे जवळजवळ नवं. 'व्हेरी गुड' म्हणजे वापरलेलं पण सांभाळलेलं. नुसतं 'गुड' लिहिलं असेल तर पुस्तक झिजलेलं आहे असं समजा. 'फॉक्सिंग' म्हणजे पानांवरचे तपकिरी ठिपके, 'सन्ड' म्हणजे उन्हानं विटलेला कणा. 'एक्स-लायब्ररी' असेल तर आत शिक्के आणि चिकटवलेले खिसे असणारच. मी सहा फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवत नाही: कणा, खोकं, वरची कड, पुढचं अस्तर, एक चित्र आणि शेवटचं पान. फोटो द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून घेतच नाही. मासिक पत्र सोबत आहे का तेही विचारा, कारण ते हरवलं की गोष्टीचा अर्धा भाग हरवतो. २०१९ च्या अर्थसंकल्पात परदेशी छापील पुस्तकांवर ५ टक्के आयात शुल्क लागलं. मागवताना त्या वेळचा दर बघून हिशोब धरा. टपालखर्च कधीकधी पुस्तकाएवढा होतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन एकदम घ्या. आणि जून ते सप्टेंबर काही मागवू नका. भिजलेलं खोकं वाळवता येतं, पण त्याचा आकार परत येत नाही.

हातात घेऊन बघायचं असेल तर पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस धरावी आणि मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर दिवस घालवावा. मी वर्षातून दोनदा जाते. बहुतेक वेळा रिकाम्या हातानं येते, पण बोटांना सराव राहतो.

मराठीत क्रमांकित, सही केलेल्या अशा आवृत्त्या अपवादानंच निघाल्या. इथे आपण गोळा करायच्या त्या पहिल्या आवृत्त्या. हजारभर प्रतींची पहिली आवृत्ती ही आपली नकळत झालेली मर्यादित आवृत्ती. वेष्टन असेल तर ते सोन्यासारखं जपा. मी एकदा मोठी चूक केली. नाशिकरोडला रद्दीत एका कादंबरीची पहिली आवृत्ती सापडली. वेष्टन फाटकं, टाके सैल. उत्साहात ती एका बाइंडरकडे टाकली. त्यानं मन लावून काम केलं: तिन्ही बाजू मशिनवर कापल्या, वेष्टन फेकलं, तांबडं रेक्झिन चढवलं. अण्णांनी ते हातात घेऊन नुसतं फिरवलं आणि म्हणाले, "आता हे नवं झालं. पहिलं राहिलं नाही." तेव्हापासून जुन्या प्रतीला मी धागासुद्धा लावत नाही. पुठ्ठ्याची पेटी करून घेते आणि आहे तशी आत ठेवते.

बांधणी करायची हौस असेल तर ती नव्या छपाईवर करा. प्रकाशकाला किंवा मुद्रकाला विचारून न बांधलेले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील कागदांचे सुटे संच, मिळवा. बाइंडरला 'जुजबंदी हवी' असं स्पष्ट सांगा, म्हणजे प्रत्येक फर्मा मधोमध धाग्यानं शिवलेला. नुसत्या डिंकानं चिकटवलेल्या पुस्तकाची पानं नाशिकच्या दोन उन्हाळ्यांत सुटायला लागतात. कडा कापायच्या की नाही हे आधी ठरवा आणि कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

सांभाळायचं म्हणाल तर आपल्या गावात तीन शत्रू: पाणी, कसर आणि आपण स्वतः. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरली तेव्हा आमच्या एका नातेवाइकांच्या वाड्यात खालच्या फळीवरची पुस्तकं गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, घर नदीजवळ असो नसो, खालची फळी रिकामी ठेवा. ओलं झालंच पुस्तक तर उन्हात टाकू नका, पुठ्ठा वाकतो. पानांत टिपकागद घालून पंख्याखाली उभं करा, टिपकागद दर काही तासांनी बदला. कपाट पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. कसरीसाठी वेखंड चांगलं, पण पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात. पानांत घातलेला कडुनिंबाचा पाला वर्षभरात डाग सोडतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर रंग बदलला की कोरड्या करून घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमट हवा कोंडते.

तिसरा शत्रू सगळ्यात मोठा. पुस्तक काढताना आपण कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून ओढतो. चामडं, कापड तिथेच पहिल्यांदा फाटतं. शेजारची दोन पुस्तकं आत ढकला, मग मधलं दोन्ही बाजूंनी पोटाशी धरून बाहेर घ्या. खोक्यातलं पुस्तक ओढायचं नाही. खोकं किंचित तिरपं करायचं, ते आपोआप हातात उतरतं. हातमोजे नकोत, साबणानं धुतलेले कोरडे हात पुरेत. आणि वाचा. न उघडलेल्या पुस्तकाचा कणा आखडतो.

एक वही ठेवा. पुस्तक, क्रमांक, कुठून घेतलं, कितीला, सोबत काय होतं, कुठे डाग आहे. दर ऑक्टोबरात, पाऊस सरला की, मी वही घेऊन बसते आणि एकेक पुस्तक काढून हवेवर ठेवते.

त्रेसष्टावं पुस्तक त्या वहीत शेवटी आहे, पण घरात सगळ्यात आधी आलेलं. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, म्हणून अण्णा त्याला आपल्या गावचं पुस्तक म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांनी सुटे फर्मे आणले आणि जेवणाच्या टेबलावर आठ दिवस बसून माझ्यासाठी बांधलं. मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, मेण लावलेला धागा, निळं खादीचं कापड. वर्षानुवर्षं ते मी संग्रहात धरलंच नव्हतं, कारण त्याला क्रमांक नाही. बांधणाऱ्यानं स्वतःचं नाव लिहायची पद्धत अण्णांच्या खात्यात नव्हती, त्यांनी इथेही लिहिलं नाही.

तुम्ही कोणाकडून पुस्तक बांधून घ्याल तेव्हा त्याचं नाव विचारा आणि मागच्या अस्तरावर मऊ पेन्सिलीनं लिहा. पेन नको, शाई आरपार उतरते. मी गेल्या ऑक्टोबरात लिहिलं. कागद: मॅपलिथो. शिलाई: जुजबंदी, सतरा फर्मे. बांधणी: अण्णा, गांधीनगर. प्रत १, एकूण प्रती १.