गोठ्याचे पाणी तवशांच्या मळ्यात सोडू नका

पावसाळ्यात सड सतत ओले आणि गोठ्यात चिखल. त्यामुळे गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या दुभत्या जनावरांत दगडी, म्हणजे कासेची सूज, वाढते. पहिली धार काळ्या फडक्यावर काढून पाहा. गुठळ्या दिसल्या तर ते दूध वेगळे ठेवा आणि सडात औषध घालण्याआधी स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन पशुवैद्यांना द्या. कोणते प्रतिजैविक लागू पडेल, ते तपासणीतून कळते. मात्र आपल्याकडे बहुधा शेजारच्या गोठ्यातली उरलेली ट्यूब आधी सडात जाते, आणि सूज ओसरली की उपचारही थांबतो. औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात ते असे.

ते एकाच वाणाचे नसतात, खरी अडचण इथेच आहे. शेणातल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचेच कितीतरी वंश असतात. प्रतिकाराची जनुके बरेचदा प्लाझ्मिड या डीएनएच्या लहान कड्यांवर असतात, आणि ही कडी एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो. म्हणजे गाईच्या पोटातले जनुक माणसाच्या पोटातल्या जंतूत पोचायला गाईचाच जंतू टिकावा लागतो असे नाही. कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे एमसीआर-१ जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. आपल्याकडे खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर जुलै २०१९ मध्ये बंदी आली. कुणी कोंबड्यांसाठी जुनी पुडी देऊ केली तर घेऊ नका.

औषध चालू असलेल्या गाईचे दूध वासराला पाजण्याची सवय मोडा. डेअरीला चालत नाही म्हणून ते वासराच्या वाट्याला येते, आणि त्याच्या आतड्यात नेमके औषध पचवणारे जंतू फोफावतात. औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध विहिरीपासून दूर खड्ड्यात ओता, कुळागराच्या पाटात नाही. विरजण लागले म्हणून दूध शुद्ध झाले असेही धरू नका.

गायरीवर, म्हणजे शेणाच्या ढिगावर, छप्पर घाला, भोवती चर खणा. उतारावर गोठा वर आणि विहीर खाली असेल तर हे आजच करा. ढीग वरखाली करून आतली उष्णता ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकली, तर बहुतेक रोगजंतू मरतात. प्रतिकाराची जनुके मात्र पूर्ण जातातच असे नाही. म्हणून चवथीच्या बाजारासाठी लावलेल्या तांबड्या भाजीला आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या तवशांना (काकड्यांना) उभ्या पिकात ताजे शेण किंवा कोंबडीखत घालू नका. कुजलेले खत लावणीआधीच मातीत मिसळा.