वापिटीचं मॉडेल करताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक रंगाची. वेस्टलँड वापिटी हे ब्रिटिश हवाई दलाचं दुपंखी (एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं) विमान इराकच्या वाळवंटात उडायचं, म्हणून कित्येक जण त्याला सरळ वाळूचा रंग फासतात. नको! शत्रूकडे विमानंच नव्हती, मग लपायचं कोणापासून? कापडावर ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेला रुपेरी लेप असे. ऊन परतवून तो कापड टिकवायचा.

दुसरी गल्लत जास्त खोल आहे. हे विमान वाळवंटासाठी नव्याने आखलं असं अनेक जण लिहितात. खरं कारण काटकसर. पहिल्या महायुद्धातल्या डीएच-९ए विमानांचे सुटे भाग गोदामांत पडून होते. ते वापरा, अशी हवाई मंत्रालयाची अटच होती. म्हणून १९२७ साली उडालेल्या वापिटीला पंख जुनेच मिळाले. बदललं ते इंजिन. डीएच-९एचं लिबर्टी इंजिन पाण्याने थंड व्हायचं, आणि इराकच्या उन्हात नाकाखाली जादा रेडिएटर लटकवावा लागे. वापिटीचं नऊ सिलिंडरचं ज्युपिटर इंजिन हवेवर थंड होई. त्यामुळे फोटोत रेडिएटर दिसला तर ती वापिटी नव्हे, हे पक्कं समजा.

डीएच-९एच्या अंगावर जादा चाक, पाणी, अंथरूण बांधलेलं असायचं. वापिटीवर असं काय काय लावायचं हे अंदाजाने ठरवू नका, ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याचाच फोटो शोधा.

माहितीपाटीवर नुसतं ‘गस्तीचं विमान’ लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती. १९२२पासून इराकचा बंदोबस्त ब्रिटिश हवाई दलाकडे होता, आणि बंदोबस्त म्हणजे न जुमानणाऱ्या टोळ्यांच्या गावांवर बॉम्ब. वायव्य सरहद्दीवरही तेच झालं. ते पाटीवर यायलाच हवं.

आपल्याकडे मॉडेल बहुधा भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचं करतात. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड हवाई तळावर ती चार वापिटी विमानांनिशी उभी राहिली. ती आवृत्ती आयआयए (IIA), म्हणजे सांगाडा धातूचा. मागच्या भागात लाकूड होतं ते पहिल्या आवृत्तीत. त्यावर केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ काढू नका, तेव्हा ब्रिटिशांचं निळं-पांढरं-लाल होतं. मापं आणि तपशील ताडून पाहायचे तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात जा. जगात उरलेली एकमेव वापिटी, के-१८३, तिथेच आहे.